परसातला अंड्याचा तवा

मी एक जुना लोखंडी तवा आहे. कडेला थोडा वाकलेला, मध्ये खोलगट. अणदूरच्या लोहाराने मला ठोकून घडवले आणि खंडोबाच्या जत्रेत बब्रुवान धनगराने आपल्या बायकोसाठी, गजराबाईसाठी, विकत घेतले. ते तुळजापूरच्या कडेला राहायचे. भाकरी भाजण्यात माझा हात धरणारा तवा त्या वस्तीत नव्हता. माझे कौतुक मीच करतो आहे, कारण दुसरे कोणी करणार नाही.

निजामाचे राज्य जाऊन सात-आठ वर्षे झाली होती. गजराबाई दत्तोपंत मास्तरांच्या घरी दूध घालायची. मास्तरांच्या पत्नीला, चारुशीलेला, कावीळ झाली. महिना उलटला तरी डोळे पिवळेच. डॉक्टर म्हणाले, "न्याहारीला अंड्यातलं पांढरं आणि एखादी साधी भाजी द्या. तेल-तूप मात्र थेंबभरही नको. पोटाला हलकं हवं, नाहीतर जिवावर बेतेल."

मित्रांनो, त्या घरात अंड्याचे नावसुद्धा कोणी काढत नसे! घरातले भांडे बाटवायचे कसे? म्हणून गजराबाईने मला आणले आणि परसात लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडली. पण शिजवणार कोण? सगळ्यांना वाटले, मास्तरच शिजवतील. तर त्यांची आई तुळजाबाई पदर खोचून पुढे झाल्या. सोवळ्याच्या इतक्या कडक, की कावळासुद्धा त्यांच्या अंगणात जपून बसे! "सून माझी आहे. तिची न्याहारीही मीच करणार," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी अंडे पदराच्या टोकात धरून अंगापासून हातभर लांब ठेवले.

"काकू, आंडं हाय, इंचू न्हाय," गजराबाई हसत म्हणाली. "वाटीच्या कडंला हळूच टोका."

पिवळे गजराबाईच्या घरी जायचे. चाकवत नाहीतर कोवळा दुधी बारीक चिरून, पाण्याचा हबका मारून माझ्यावर शिजवायचा, वर घोटलेले पांढरे ओतायचे आणि झाकण ठेवायचे. झाली न्याहारी. मग तुळजाबाई गार पाण्याने अंघोळ करायच्या आणि त्यानंतरच स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या. माघाची थंडी होती. त्यांचे ओठ काळेनिळे पडायचे, पण एक दिवस चुकला नाही.

त्यांना एकच गोष्ट सलत होती. त्यांच्याकडे भातावर तुपाचा थेंब पडल्याशिवाय कोणी घास उचलत नसे. त्याला अन्नशुद्धी म्हणतात. आधीच असले अन्न, आणि तेही शुद्ध न करता सुनेच्या मुखात घालायचे? पाचव्या दिवशी त्यांनी पदराआडून छोटी वाटी काढली, इकडेतिकडे पाहिले आणि माझ्यावर एक थेंब सोडला. मला ओरडून सांगायचे होते, पण तव्याला चर्र करण्यापलीकडे काय येते? त्या दिवशी चारुशीलेने ताटली पुसून साफ केली. तुळजाबाईंना वाटले, गुण आला. मग थेंबाचा चमचा झाला.

तीन आठवड्यांनी चारुशीलेला उलट्या सुरू झाल्या. मोटारीने तिला सोलापूरला नेले. मास्तर एकटेच परत आले.

तुळजाबाईंनी काही लपवले नाही. "दत्तू, मी तूप घालत होते रे," त्या म्हणाल्या. मास्तरांनी त्यांना हाताला धरून बसवले. मग म्हणाले, "आई, यकृत आधीच गेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या तुपानं काही झालं नाही." हे खरे होते की नुसती समजूत, मला ठाऊक नाही. तुळजाबाईंनी मात्र ते मानले नाही. त्यांनी जन्मभरासाठी तूप सोडले. कोरडा भात पुढ्यात घेऊन त्या बसत, हे साऱ्या गल्लीला माहीत झाले.

गजराबाईने मला घरी नेले, पण माझ्यावर पुन्हा भाकरी टाकली नाही. मी भिंतीला टेकून गंजत राहिलो. तिला मी का नकोसा झालो, ते मला ठाऊक होते. त्या तीन आठवड्यांतल्याच एका सकाळी तुळजाबाई अंघोळीला गेल्या असताना चारुशीला भिंतीला धरून परसात आली होती.

"वैनी, तुपाचा वास यायलाय. काकूंनी घातलं जणू," गजराबाई म्हणाली. "मास्तराला सांगू का?"

"नको गं. मला पहिल्याच दिवशी कळलं. त्यांनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, माझ्यापायी लावला. आता थेंबभर तुपासाठी त्यांचं मन कशाला मोडू? कुणाला सांगशील तर तुला भवानीची आण आहे."

गजराबाईने आण पाळली. दहा वर्षे दूध घालताना ती रोज त्या उंबऱ्यापाशी घुटमळायची आणि तशीच परत यायची. मग तुळजाबाईही गेल्या. त्या दिवशी तिने मला मांडीवर घेतले आणि हुंदके देत म्हणाली, "काकू, तिला ठावं व्हतं वो. तुमच्या हातचं म्हणून गोड मानून खाल्लं तिनं."

मित्रांनो, मला घासा, तेल लावून ठेवा, असा हट्ट मी धरणार नाही. लोखंडाला गंज चढायचाच. पण तुम्हाला देवाने जीभ दिली आहे. आजाऱ्याच्या पानात काही लपवून वाढू नका, आणि वाढणाऱ्याचे मन राखायला गप्पही बसू नका. जे बोलायचे ते माणूस समोर असताना बोला. गजराबाई बोलली, पण ती माझ्याशी. ज्यांनी ते ऐकायला हवे होते, त्या तोवर उरल्या नव्हत्या.