गायत्री मॅडमचा प्रश्न

कोरीट गावातल्या घराच्या गच्चीवर सुंदरबाई लाल मिरच्या पसरवत होत्या. त्यांची मुलगी गायत्री नाकाला ओढणी बांधून मदत करत होती. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. हात पुसून तिने ईमेल उघडला आणि ती आनंदाने ओरडलीच.

"माय, मन्हा लेख त्यास्ले आवडना!"

"छापतीन का?"

"छापतीन. थोडं आखो लिखाले सांगतस."

गायत्री नंदुरबारच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवत असे. मानववंशशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात तिची दोन ग्रंथपरीक्षणे आली होती. स्वतंत्र लेख हा पहिलाच. विषय होता डाकीण प्रथा. डोंगरातल्या पाड्यावर मूल दगावले, गुरे मेली की एखाद्या एकट्या बाईवर बोट ठेवायचे, तिला डाकीण ठरवायचे, मारायचे, हाकलायचे. सातपुड्यातल्या मोलगी गावापलीकडच्या एका पाड्यावरची निपुत्रिक विधवा फुलीबाई हा त्या लेखाचा आधार होता. पुतण्या आमशाचे मूल तापाने गेल्यापासून शेजारणी आपल्या घरचे पाणी पीत नाहीत, असे तिने गायत्रीला विश्वासाने सांगितले होते. लेखात गायत्रीने तिचे नाव बदलले. तेवढी काळजी पुरेशी आहे, असे तिला वाटले.

ईमेलमध्ये नियतकालिकाच्या परीक्षकाने लिहिले होते, 'लेखात केवळ पीडितेची बाजू आहे. आरोप करणाऱ्यांचे म्हणणेही हवे. सुधारित मसुदा सहा आठवड्यांत पाठवावा.'

पुढच्याच आठवड्यात ती जीपने मोलगीला गेली. तिथून पायवाटेने पाड्यावर नेणारे दलसिंग गुरुजी तिथल्या शाळेचे शिक्षक आणि तिचे दुभाषी. वाटेत ते म्हणाले, "मॅडम, आमशाला सरळ विचारू नका. फुलीबाईच्या शेतावर त्याचा डोळा आहे. पण अजून कोणी उघड बोललेलं नाही."

"मी फक्त विचारणार, गुरुजी. आपण कुणाचीच बाजू घेत नाही."

आणि तिने विचारले. आमशाच्या ओट्यावर, त्याची बायको आणि शेजारी ऐकत असताना विचारले, "तुमच्या मुलाच्या मरणाशी फुलीबाईचं नाव जोडतात. तुम्हाला काय वाटतं?" भिली भाषेत सांगताना गुरुजींनी वाक्य मऊ केले, पण नाव लपले नाही. आमशाने शेजाऱ्यांकडे पाहिले. मग म्हणाला, "कॉलेजपर्यंत गेली का ही गोष्ट?"

त्यानंतर तो बोलत राहिला. गायत्रीने मोबाईलवर सगळे ध्वनिमुद्रित केले. अभ्यासाशिवाय हे कुठेही वापरणार नाही, असे वचन दिले, आणि आणखी पाच घरी तोच प्रश्न विचारला.

निघताना फुलीबाई वाटेत उभी होती. बाजारहाटामुळे तिला अहिराणी येत असे.

"पोरी, चार मानसंमा सांगी जाय, फुली तशी नही शे."

"मावशी, मन्हं काम लिखानं शे. छापी उनं म्हनजे दुनिया वाची."

"आमशा वाची का?"

गायत्रीने घड्याळ पाहिले. जीप सुटायची वेळ झाली होती.

सहावा आठवडा उजाडला. बुधवारी गुरुजींचा फोन आला. "मॅडम, फुलीबाईवरून उद्या पंच बसताहेत. भगतालाही बोलावलंय. तुम्ही या, तुमचा शब्द ऐकतील."

"शुक्रवारी लेख द्यायचाय, गुरुजी. शनिवारी नक्की येते."

शुक्रवारी दुपारी तिने लेख पाठवला. तोवर सगळे होऊन गेले होते. गुरुवारी भगताने दाणे टाकून डाकीण म्हणून फुलीबाईचे नाव काढले. जमलेल्यांनी तिचे केस कापले, तिला काठ्यांनी मारले, घराच्या कुडाच्या भिंती पाडल्या. मध्ये पडलेल्या गुरुजींचे कपाळ फुटले. त्यांनीच तिला झोळीत घालून सरकारी दवाखान्यात पोहोचवले.

शनिवारी गायत्री गेली, ती दवाखान्यात. फुलीबाईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. ती रडली नाही.

"पंचंमा आमशा काय म्हना, तुले माहीत शे का? म्हने, कॉलेजनी बाई एवढी दूर पुसाले उनी, म्हनजे खरंच शे."

माफी मागायचे शब्द गायत्रीच्या तोंडात आले, पण ते तिला फार हलके वाटले.

गुरुजींनी तक्रार दिली होती. पण पाड्यावर साक्ष द्यायला कोणी तयार नव्हते. बाई पडली, असे आमशा सांगत होता.

पंधरा दिवसांनी संपादकांचे पत्र आले. लेख स्वीकारला होता. 'आरोप करणाऱ्यांच्या मुलाखती हे या लेखाचे बलस्थान आहे.' विभागप्रमुख यामिनी मॅडमनी गायत्रीची पाठ थोपटली. "नंतर हल्ला झाला, अशी एक तळटीप दे. लेखाचं वजन वाढेल."

त्याच दुपारी गायत्रीने संपादकांना लिहिले, 'लेख मागे घेत आहे. ज्या मुलाखतींचे आपण कौतुक केले, त्यांतला आरोप माझ्या प्रश्नाआधी कोणी उघड उच्चारला नव्हता. एका बाईच्या जिवावर मी पुरावा गोळा केला.'

दुसऱ्या दिवशी फुलीबाई आणि गुरुजींसोबत ती मोलगीच्या पोलीस ठाण्यात गेली. मुलाखती तिने फौजदारापुढे ठेवल्या. आमशाला दिलेले वचन आपण मोडतो आहोत, हे तिला ठाऊक होते. तिचा जबाब वाचताना फौजदार एका ओळीवर थांबले.

"मॅडम, 'हा प्रश्न मी विचारला आणि बोलावणं येऊनही मी गेले नाही', हे कशाला? आरोपीचा वकील यावरच बोट ठेवील. तुमची नोकरीही अडचणीत येईल. गाळतो."

"गाळू नका," गायत्री म्हणाली. "ते घडलंय."

तिने सही केली. फुलीबाईने डाव्या हाताचा अंगठा उमटवला. बाहेर येऊन ती म्हणाली, "आते पाडावर मन्हासंगे कोन येई?"

"मी येसू, मावशी."

"आखो लिखाले?"

"नही. मी काय करं व्हतं, ते पंचास्ले सांगाले."

फुलीबाईने तिच्याकडे पाहिले. विश्वास ठेवला की नाही, हे चेहऱ्यावरून कळले नाही. प्लास्टरचा हात छातीशी धरून ती पाड्याच्या वाटेने चालू लागली, आणि गायत्री तिच्या मागून निघाली.