कोरडी सहाण

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे, देवासाठी चंदन उगाळण्याचा दगड. सीवूड्समधील एका सदनिकेत, स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याखाली माझी जागा आहे. कालचीच सकाळ सांगते. आधी दाराच्या कडीला कुणीतरी फुलपुडी अडकवून गेले. मग कुकरची शिट्टी झाली. वैजयंतीबाईंनी दिवा लावला, देवांवर फुले ठेवली आणि माझ्यावर गोळ्यांची पाकिटे. चंदनाचे खोड शेजारी तसेच पडून राहिले.

कोकणातल्या एका पाथरवटाने मला घडवले. वैजयंतीबाई आणि जयप्रकाशरावांच्या लग्नात मी या घरात आले. तुर्भ्याच्या कारखान्यात पहिली पाळी असली, तरी अंघोळ होताच ते आधी मला ओली करत. त्यांच्या हाताखाली माझ्या मधोमध खळगा पडला. त्यांची लहानगी क्षिप्रा शेजारी बसून गंधाचा वास घेई. "बाबा, देवाला झालं की मला!" म्हणत कपाळ पुढे करी.

पुढे क्षिप्रा विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकू लागली. देव आहे असे म्हणायला आधार काय, हा प्रश्न तिने जेवणाच्या टेबलावर आणला. जयप्रकाशराव रागावले नाहीत. "सापडला तर मलाही सांग," एवढेच म्हणाले आणि सकाळी पुन्हा चंदन उगाळू लागले.

गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. पूजा अडली; दिवा-फुले वैजयंतीबाई करत, पण देवांचे स्नान आणि गंध हे कायम जयप्रकाशरावांचेच काम होते. त्यांनी लेकीला विचारले, "तू करशील?"

"बाबा, मनाला पटलेलं नसताना गंध लावलं तर ते नाटक होईल."

"मग नको. नाटक नको."

"अहो, मग डाव्या हाताने करा की!" वैजयंतीबाई वैतागल्या. "घरात दोन-दोन पंडित, आणि देव पारोसे!"

"डाव्या हाताने देवाला गंध? जमायचं नाही."

"हात डावा की उजवा, हे देव बघतो का, बाबा?"

"देवाचं माहीत नाही. मी बघतो ना."

क्षिप्राचे स्वतःचे उत्तरही हेच होते, हे तिला उमगले असावे.

तेव्हापासून मी कोरडी पडले. मित्रांनो, झिजताना मी कधी थकले नव्हते. नुसती पडून राहून थकले. तुमच्याही घरात असा एखादा दगड असेल, तर वाद मिटेपर्यंत त्याला कोरडा ठेवू नका. वाद फार काळ चालतात. माणसे तोवर म्हातारी होतात.

आज सकाळी क्षिप्राने गोळ्या उचलून बाजूला ठेवल्या. माझ्यावर पाणी शिंपडले आणि खोड फिरवू लागली.

"पटलं वाटतं?" जयप्रकाशरावांनी खुर्चीतून विचारले.

"नाही. उगाळायला पटावं लागत नाही, बाबा. पाणी लागतं."

तिने त्यांची खुर्ची देव्हाऱ्यापाशी ओढली. त्यांच्या उजव्या हाताचे बोट गंधात बुडवले, मनगटाखाली आपला तळवा धरला आणि तो जड हात देवापर्यंत उचलला. गंध थोडे वाकडे लागले. कुणी ते पुसले नाही.

मग तिने मला धुऊन जागेवर ठेवले. गोळ्यांची पाकिटे मात्र फ्रिजवर नेऊन ठेवली.