खिळ्यांचा पट्टा

वैजनाथने सौर प्लेटवरून बोट ओढलं आणि धुळीनं माखलेलं बोट विजारीला पुसलं. गायरानावर आठ महिन्यांपूर्वी या प्लेटा उभ्या राहिल्या, फीत कापून झाली, पेढे वाटून झाले. पण इथून सबस्टेशनपर्यंतची दोन किलोमीटरची तार काही कुणी ओढली नाही. तिच्यासाठी आणलेले खांब तेव्हापासून रस्त्याकडेला पडून राहिले. वरून ऊन नुसतं ओतत होतं, आणि गावाच्या पाण्याच्या मोटारी मात्र कोळशाच्या विजेवर, तीही रात्रीची. धरण उशाला, कोरड घशाला, दुसरं काय!

प्लेटांच्या सावलीत त्याची मावशी बायडाबाई शेरडं सोडून बसली होती. मांडीवर जुन्या टायरचा पट्टा, ओठांत दोन खिळे. दाभणानं भोक पाडायचं आणि खिळा आतून बाहेर खुपसायचा, म्हणजे टोकं बाहेर राहतात. बिबट्या मानेलाच धरतो. दिवाळीत रात्री पाणी भरायला गेलेला तिचा नवरा आसाराम सकाळी उसाच्या सरीत सापडला, तो मानेलाच धरलेला. आता तिचा मुलगा वाल्मिक रात्री पाणी भरायचा. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा माणसाच्या गळ्यात आला, काय दिवस म्हणायचे हे!

वैजनाथ गावचा वायरमन. वीज कधी येणार, कधी जाणार, याचा कागद तोच चावडीवर डकवायचा. तार ओढली की दिवसा वीज, मग वाल्मिकनं अंधारात पाऊल टाकायचं कारण नाही, असं त्यानं मावशीला दिवाळीपासून कितीदा तरी सांगितलं होतं. आज सकाळी साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. औंदाचा निधी सरकारनं कोळशाच्या नव्या वीजसंचाकडं वळवला होता, तारेचं काम थांबलं होतं. मग कधी होईल, असं त्यानं विचारलं, तर साहेबांनी चहा मागवला.

परवा पाटाला भंडारदऱ्याचं पाणी सुटणार होतं, आणि विजेची पाळी रात्रीचीच होती. हे मावशीला सांगायचं म्हणून तो निघाला खरा, पण रस्त्यानं यायचा धीर झाला नाही. लोकांची नजर चुकवत ओढ्याकडून आला. आता तिच्या तोंडातले खिळे बघून तो उगाच प्लेटा पुसत राहिला.

तिनं खिळे तळहातावर घेतले.

"काय म्हंतुया तुजा सायेब?"

"चाललंय काम."

"व्हय?"

"व्हय. पावसाच्या आत हुईल."

बोलला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. बायडाबाईनं काही त्याच्याकडं पाहिलं नाही. तिनं शेवटचा खिळा बसवला, पट्टा ओढून बघितला, बाजूला ठेवला आणि पिशवीतून दुसरा, कोरा पट्टा काढला.

"ह्यो सूनबाईला?" त्यानं विचारलं.

"तिचा कवाच झाला. हिकडं ये. वाक जरा."

तो वाकला. तिनं पट्टा त्याच्या मानेभोवती धरला. रबर उन्हानं तापलं होतं.

"रातीचा फ्यूज गेला तर डीपीवर तूच जातूस न्हवं?"

"मावशी, म्या सांगितलं ना, आता दिवसाच..."

"सकाळच्याला ट्रॅक्टर आल्ता," ती म्हणाली. "समदं खांब भरून घिऊन गेला. म्या हितूनच बगितलं."

तिनं नखानं रबरावर मापाची खूण केली.

"हालू नगंस. सैल झाला तर उपेग न्हाई त्याचा."