चार बोटं उंच

मुलांनो, क्षणभर असं समजा की तुमच्या पाठीवर ओल्या गवताने शिगोशीग भरलेला डोको आहे. डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली. तिच्या बुडाखालून घेतलेला रुंद पट्टा तुमच्या डोक्यावर, केस सुरू होतात तिथे, बसलाय. समोर चढ आहे. पोटऱ्या भरून आल्यात. बसावंसं फार वाटतं, पण बसलात तर एकट्याने उठता येणार नाही. तेवढ्यात वाटेवर एक दगडी कट्टा दिसतो. त्याच्याकडे पाठ वळवायची, टोपलीचं बूड वर टेकवायचं आणि उभ्याउभ्या श्वास घ्यायचा.

त्या दुपारी जुनेली राई हेच करायला निघाली होती. अशा कट्ट्याला चौतारी म्हणतात; ही अगदी नवी होती. तिच्या आजोबांनी, हर्कध्वजने, आजीच्या आठवणीसाठी बांधून घेतलेली. उद्या पूजा व्हायची होती आणि मग मधोमध वड-पिंपळाची रोपं लागायची होती. हर्कध्वज आणि गवंडी दिलमान बाजूला शेकोटीपाशी बसून भाजलेला मका खात होते.

जुनेलीने पाठ वळवली. डोको टेकेना. ती चवड्यांवर उभी राहिली, तेव्हा कुठे टोपलीची कड दगडाला लागली.

"बाजे, हे उंच झालंय," ती आजोबांना म्हणाली.

"चौतारी उंच नाही, तू बुटकी आहेस," दिलमान म्हणाला. "मका खा, वाढशील."

"तुम्ही खाल्लात ना, काका. आडवेच वाढलात."

दिलमान पोट धरून हसला. हर्कध्वज हसला नाही. तो तिच्या टाचांकडे बघत होता. टाचा अधांतरी होत्या आणि पोटऱ्या थरथरत होत्या.

आपलं पाऊल ही एक तरफ आहे. चवडा हा तिचा टेकू. अंगाचा आणि ओझ्याचा भार घोट्यावर येतो आणि मागून पोटरीचा स्नायू दोरीसारखा टाचेला वर ओढून धरतो. स्नायूला ढकलता येत नाही, त्याला फक्त ओढता येतं, आणि ओढून ओढून तो दमतो. टाच जमिनीला टेकली की भार हाडांवर उतरतो. हाडं एकावर एक, रचलेल्या दगडांसारखी उभी असतात. ती तो सोसतात आणि पोटरीला सुटी मिळते. चवड्यांवर उभं राहून घेतलेली विश्रांती ही विश्रांतीच नव्हे.

हर्कध्वजने अशा पोटऱ्या आधी पाहिल्या होत्या. मनमतीच्या, त्याच्या बायकोच्या.

दोघं जन्मभर बरोबर ओझी वाहत आली. दमल्यावर डोकोखाली उभी करायची काठी असते, वर आडवी मूठ असलेली. तिला टोकमा म्हणतात. हर्कध्वजने स्वतःसाठी नवा टोकमा केला तेव्हा जुना मनमतीला दिला. तो त्याच्या मापाचा, तिला उंच पडायचा. तिरका धरला तर उतारावर सटकायचा, म्हणून ती तो सरळ उभा करायची आणि स्वतः चवड्यांवर राहायची.

"नाचतेस की काय?" तो विचारायचा.

"नाचते तर. बघायला पैसे पडतात," ती म्हणायची. कधी म्हणायची, "बूढा, हा थोडा कापून दे ना."

"उद्या देतो."

रात्री तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. तो मोहरीचं तेल कोमट करून चोळत बसायचा. गावातल्या बायका तिला म्हणायच्या, नवरा मिळावा तर असा. त्यालाही ते खरं वाटायचं. तेल चोळताना त्या टोकम्याची आठवण त्याला एकदाही झाली नाही.

आता मनमतीच्या त्याच टोकम्यावर रेलून तो उठला.

"दिलमान, वरचा थर काढ."

"दाइ, डोकं फिरलं का? उद्या पूजा आहे." दिलमान त्याला थोरला भाऊ मानून दाइ म्हणायचा.

"सगळा नको. या बाजूचा काढ."

"अर्धी उंच, अर्धी बुटकी? वाकड्या तोंडासारखी दिसेल. लोक मला हसतील."

"मला हसू देत. माप मी दिलं होतं." आणि ते खरंच होतं. भिंतीला पाठ लावून, स्वतःच्या कमरेवर हात ठेवून त्यानेच सांगितलं होतं, इथपर्यंत.

"मग आता कुणाचं माप घेऊ?" दिलमानने विचारलं. "वहिनी कुठे आहे मापाला?"

हर्कध्वजने जुनेलीला डोको उतरवायला लावला आणि जवळ बोलावलं. ती समोर येऊन उभी राहिली. तिचा भांग त्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापाशी आला. मनमतीचाही तिथेच यायचा.

"हिचं घे," तो म्हणाला. "डोको पाठीवर घेऊन उभी कर. टाचा टेकवून."

दिलमान कुरकुरत छिन्नी घेऊन उठला. ऊन उतरेपर्यंत त्या बाजूचा थर निघाला आणि त्यातला मनमतीचं नाव कोरलेला दगड खालच्या थरात बसला. जुनेलीने पाठ लावली. टोपली टेकली, डोक्यावरचा पट्टा सैल पडला. टाचा मातीत होत्या.

"कसं वाटतं?" हर्कध्वजने विचारलं.

"काहीच वाटत नाही," जुनेली म्हणाली.

तो मान खाली घालून बसला. हातातला टोकमा त्याने बाजूला दगडावर ठेवला.

जुनेलीने पट्ट्यातून डोकं काढलं. टोकमा उचलून तिने पाठीमागे सरळ उभा धरून पाहिला, मग विझलेला एक कोळसा मक्याच्या शेकोटीतून उचलला आणि काठीच्या बुडापासून चार बोटांवर रेघ ओढली. टोकमा दगडावर आडवा ठेवून तिने त्यावर पाय दिला.

"बाजे, खुकुरी."

"उद्या," असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने कमरेची खुकुरी काढली आणि स्वतःच घाव घातले. काठी जुनी, टणक झालेली होती, पण फार वेळ लागला नाही. चार बोटांचा तुकडा मातीत पडला.

जुनेलीने तो उचलला, फुंकर मारून माती झाडली आणि गवताच्या वर डोकोत ठेवला. मग पट्टा डोक्यावर नीट बसवला, कापलेला टोकमा हातात घेतला आणि चढाला लागली.