जाकडावर आणलेला गेम

आबांनी गुरुवारी सकाळी फोन केला आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "मंजू, टीव्हीवर खेळायची मिशीन परभणीत कुठं भेटती?"

"कसली मशीन?"

"लेकरं खेळतेत ती. हातात रिमोट धरून. सोनूला घ्यायची हाय."

सोनू माझी मुलगी, सहा वर्षांची. श्रावणात माझी माय गेली, तेव्हापासून सोनू माझ्या माहेरी, झरीला राहिली नव्हती. त्याआधी दर शनिवारी दुपारी मी तिला स्कूटीवरून आबा आणि मायकडे सोडायची, रविवारी संध्याकाळी आणायला जायची. दिवसकार्य झाल्यावर एकदा तिला घेऊन गेले, तर ती सरळ स्वयंपाकघरात गेली, मागच्या दारी शेळ्यांपाशी गेली, परत आली आणि माझी पर्स धरून म्हणाली, "चल घरी." मी तिला थांब म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. त्या घरात मलाही बसवत नव्हतं. पोरीचं निमित्त मिळालं.

आबा दर शुक्रवारी विचारायचे, "उद्या येतंय का लेकरू?" मी काहीतरी सांगायची. शाळा आहे, सर्दी आहे, कुणाचा तरी वाढदिवस आहे. चार महिने त्यांनी सगळी कारणं ऐकून घेतली.

"आबा, तेवढ्यासाठी ती येईलच असं नाही," मी म्हणाले.

"न येऊ दे. बघू तर."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वस्तू घ्यायची तर आधी तिच्याबद्दल वाचायचं, ही माझी सवय. दोन संध्याकाळी मी व्हिडिओ गेमबद्दल वाचत बसले. लहान हातांना कुठली बटणं झेपतात, कुठल्या मशीनला सतत इंटरनेट लागतं, सहा वर्षांच्या मुलीला कुठले खेळ चालतील. शेवटी एक छोटी, हातात मावणारी मशीन ठरवली. तिला स्वतःचा पडदा होता, टीव्हीची गरज नव्हती, मूल कुठेही बसून खेळू शकत होतं.

शनिवारी आबा एसटीने आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. सोनूला घेऊन आम्ही बालाजीच्या दुकानात गेलो. बालाजी मोबाईल दुरुस्त करतो आणि गेमही विकतो. मी ठरवलेली मशीन त्याने काढून दिली. आबांनी खोकं हातात घेतलं, चारी बाजूंनी फिरवून बघितलं.

"उघड."

"काका, सील तोडलं की माल परत जात नाही."

"मंग तोंड न बघताच घेऊ?"

आबांचा जन्म शेळ्यामेंढ्यांत गेला. तोंड उघडून दात बघितल्याशिवाय आणि चार पावलं चालवून बघितल्याशिवाय त्यांनी बाजारातून एकही जनावर घरी आणलं नाही. बालाजीने खोक्यावरचं चित्र दाखवलं, मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. आबांनी तो शेवटपर्यंत बघितला.

"ही एकट्यानंच खेळायची का?"

"हो काका. सोपं आहे. घरात कुणाला त्रास नाही."

आबांनी खोकं काउंटरवर ठेवलं. मी दोन संध्याकाळी वाचलं होतं, पण एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता. माझी मशीन घेतली असती तर सोनू परभणीत माझ्या पलंगावर बसून खेळली असती आणि झरीला जायचं काही कारणच उरलं नसतं. बहुतेक म्हणूनच ती मला पसंत पडली होती.

आबांची नजर मागच्या फळीवर गेली. तिथे एक जुनी काळी मशीन होती, तिला वायरचे दोन रिमोट गुंडाळलेले.

"ती कुणाची?"

"जुनी आहे काका. एका घरातली दोन भावंडं खेळायची. आता पुण्याला गेली शिकायला, म्हणून आणून दिली."

"किती वर्सं खेळली?"

"सात-आठ असतील."

"कधी आजारी पडली?"

बालाजी हसला. "एकदा पंखा साफ केला मी. बाकी काही नाही."

आबांनी रिमोट हातात घेतला. बटणांवरची अक्षरं पुसून गेली होती. त्यांनी एकेक बटण अंगठ्याने दाबून बघितलं, अगदी दात बघावेत तसं. त्यांच्या लेखी एकदाही न व्यालेल्या देखण्या तरण्या शेळीपेक्षा दोनदा व्यालेली केव्हाही बरी. "हीच," ते म्हणाले.

"आबा, ही फार जुनी आहे. हिचे नवे गेम आता निघतसुद्धा नाहीत."

"सोनूला काय करायचंय? तिला सगळंच नवं हाय."

सोनूने मान डोलावली. दुसरा रिमोट केव्हाच तिच्या हातात गेला होता.

"पर मी जाकडावर नेतो," आबा बालाजीला म्हणाले.

"जाकड म्हणजे?"

"आठ दिस दारात ठिवायची. पसंत पडली तर पैशे, न्हाई तर जशी नेली तशी वापस."

"आणि बिघडली तर?"

"आठ दिसात जनावर मेलं तर नुसकान नेणाऱ्याचं. झरीचा रायभान म्हणून बकऱ्याच्या बाजारात कुणालाबी इचार."

"तिथं कुणाला विचारू काका, मी शाकाहारी आहे," बालाजी म्हणाला, पण मशीन पिशवीत घातली.

बाहेर आल्यावर सोनूने विचारलं, "आई, आपल्या टीव्हीला लावायची ना?"

"न्हाई," आबा म्हणाले. "जाकडाचं जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधत न्हाईत. ज्यानं आणलं त्याच्याच दारात ऱ्हातंय."

हा रिवाज मला माहीत होता. तरी मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. डाव काही दिसला नाही. बाजारात सांगतात तसंच त्यांनी सांगितलं होतं.

"मग मी कुठं खेळू?"

"झरीला."

सोनूने पिशवीत डोकावून बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू राहणार असशील तर."

आता माझ्याकडे निमित्त नव्हतं. "राहीन," मी म्हणाले.

आबांच्या घरी अजून तो पाठीमागे फुगलेला जुना टीव्ही आहे. मशीनच्या लाल, पिवळ्या, पांढऱ्या तीन वायरी त्याच्या तीन भोकांत बरोबर बसल्या. माझी नवी मशीन या टीव्हीला जोडताच आली नसती, असं मात्र कुणी म्हणालं नाही. रिमोटच्या वायरी आखूड होत्या, त्यामुळे आजोबा आणि नातीला टीव्हीसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं.

मोटारींची शर्यत होती. सोनूची गाडी भिंतींना धडकत सुसाट सुटली. आबांची हळूहळू चालत होती, आणि मग थांबली.

"आबा, थांबलात का?"

"समोर वळण हाय. पलीकून मेंढरं आली तर?"

"गेममध्ये मेंढरं नसतात."

"तुला काय ठावं? आपण पलीकडं गेलोत का अजून?"

मी स्वयंपाकघरात गेले. मीठ, साखर, चहापत्ती, डाळीचं पीठ, सगळं आबांनी खालच्या एकाच फळीवर ओळीने मांडून ठेवलं होतं, हाताला येईल असं. मायने हे खपवून घेतलं नसतं. मी थोडा वेळ त्या फळीपुढे उभी राहिले. मग काही न हलवता पीठ घेतलं आणि पिठलं टाकलं.

चारच्या सुमारास लाईट गेली. बाहेरच्या खोलीतला आवाज बंद झाला. मी दारातून बघितलं. सोनू रिमोट खाली ठेवून स्वयंपाकघराकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं, आता उठेल आणि पर्स धरेल.

"लाईट गेली की आजी मला शेंगा भाजून द्यायची," ती म्हणाली.

आबांनी कोपऱ्यातलं शेंगांचं टोपलं पुढे ओढलं. मग म्हणाले, "मला भाजता येत न्हाईत. जळतेत. दोनदा करून बघितल्या."

"मग कच्च्याच द्या."

दोघं उंबऱ्यावर बसून कच्च्या शेंगा खात राहिली. आजी शेंगा कशा भाजायची, मीठ कधी टाकायची, हे सोनू त्यांना सांगत होती आणि ते "असं व्हय" म्हणत होते, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. मीही जाऊन शेजारी बसले. मायबद्दल चार महिन्यांत आम्ही तिघं पहिल्यांदा बोललो. रडलं कुणी नाही. लाईट आली तरी थोडा वेळ कुणी उठलं नाही.

पुढच्या शनिवारी जाकडाची मुदत संपत होती. त्या सकाळी आम्ही झरीला पोहोचलो, तेव्हा आबांनी मशीन पुसून, वायरी गुंडाळून, पिशवीत घालून तयार ठेवली होती.

"सोनाबाई, आज बोलायचं," ते म्हणाले. "पसंत का वापस?"

"पसंत."

"बघ. पसंत म्हणलीस की आजपसून मिशीन तुझी झाली. मंग जाकडाचा कायदा सरला. परभणीला ने, न्हाई तर कुठंबी ने. माझं काई म्हणणं न्हाई."

मी आबांकडे बघितलं. हे त्यांना सांगायची गरज नव्हती. सहा वर्षांच्या मुलीला कायदा काय माहीत? पण व्यवहार झाल्यावर दावं समोरच्याच्या हातात द्यायचं असतं, आणि ते त्यांनी दिलं. एवढं बोलून ते शेळ्यांना पाला टाकायला मागच्या दारी गेले. खूप वेळ आले नाहीत.

सोनू पिशवीपाशी बसून राहिली. "आई, आपल्याकडे नेली तर दुसरा रिमोट कोण धरणार?"

"मी धरीन."

"तू एक गेम खेळशील आणि पुस्तक वाचत बसशील."

ती मागच्या दाराला जाऊन ओरडली, "आबा, इथंच लावा. आणि आज तुम्ही वळणावर थांबायचं नाही."

आबा आत आले. पाल्याचे हात धोतराला पुसले आणि वायरी सोडायला बसले. कुठली वायर कुठल्या भोकात, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

दुपारी तीनला मी स्कूटीची किल्ली उचलली. मनात धरूनच ठेवलं होतं, की सोनू माझ्यामागे येईल. "मी जाते गं. जाताना बालाजीकडे आबांचे पैसे पोचवते. उद्या संध्याकाळी येते."

"हं," ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली.

परभणीत पोहोचल्यावर मी फोन लावला. दोनदा कुणी उचललाच नाही. तिसऱ्यांदा सोनूने उचलला.

"काय करायलीस?"

"आई, आता नको ना," ती घाईघाईने म्हणाली. "आबा पहिल्यांदाच पुढं हायत."