मास्तरांनी ऐकलेली फायनल

राजधानीत येणाऱ्या पाहुण्यांना बाजार फिरवून आणण्यात गाईडबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. कापडगल्लीतलं दुकान न् दुकान त्यांना पाठ. फुटबॉलशी मात्र त्यांचा छत्तीसचा आकडा. त्यामुळे मॅनेजरने सकाळी "आज तुम्ही स्टेडियमवर" म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी "दुसरं कोणी नाही का?" म्हणून विचारलं. खेळांच्या सहली नेणारा गाईड तापाने फणफणला होता. पाहुणा एकच होता. लांबच्या गावचे, निवृत्त झालेले खेळाचे मास्तर. मुलीने हौसेने पाठवलेले, आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेले.

"निळ्यांचा गोलकीपर माझा विद्यार्थी आहे," स्टेडियममधल्या खुर्चीवर टेकत मास्तर म्हणाले. "मी येतोय हे ठाऊक आहे त्याला. मी शिकवला तेव्हा दिसत होतं. आता तुम्ही बघा, मी ऐकतो."

"सर, मला यातलं ओ की ठो कळत नाही हो."

"उत्तम! म्हणजे दिसेल तेवढंच सांगाल."

पहिली दहा मिनिटं बाई नुसत्या चाचपडल्या. "तो... लाल... तिकडे पळाला." मग त्यांनी मनाशी म्हटलं, गिऱ्हाइकाला कापड समजावतो तसंच सांगावं की!

"लाल नऊ नंबर दोघांच्या मधून सुळकन निघालाय, रेशमातून कात्री जावी तसा. तुमचा पोरगा पुढे आला. हात असे पसरलेत, जणू चादर झटकतोय."

मास्तर ताठ बसले. "पोराचा पुढे कुठला पाय?"

"डावा."

"मग अडवतोय!"

आणि अडवलाच. मागच्या रांगेतली माणसं आता मैदान सोडून बाईंकडे कान लावून बसली होती.

उत्तरार्धात निळ्यांनी गोल केला. शेवटच्या मिनिटाला लालांना पेनल्टी मिळाली.

"आता हा आधीच डावीकडे उडी घेणार," मास्तर पुटपुटले. "घाबरला की धीर धरवत नाही त्याला. थांब म्हणून सांगून सांगून माझा घसा बसला."

"नऊ नंबर धावत आला," बाईंचा आवाज चिरकला. "पोरगा हलत नाहीये, सर. अजून नाही. अजून नाही... मारला! उजवीकडे! हाही उजवीकडेच झेपावला, पार आडवा... बोटं लागली! खांबावर आपटून बाहेर! बाहेर गेला, सर!"

"थांबला?" मास्तर उभे राहिले. "थांबला ना?"

"शेवटपर्यंत थांबला!"

मास्तरांनी दोन्ही मुठी वर उचलल्या. गालांवरून पाणी वाहत होतं, पण ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती.

शिट्टी वाजली. निळे एकमेकांच्या अंगावर पडले. गोलकीपर मात्र त्यांच्यातून सुटून कठड्याशी धावत आला आणि रांगांमधून कुणाला तरी शोधू लागला. बाई चपला काढून सरळ खुर्चीवर चढल्या.

"इकडे! सर इकडे आहेत!"

मागच्या रांगेने ती हाक उचलली, तिच्या मागच्यांनीही उचलली, आणि बघता बघता अर्धं स्टेडियम एका सुरात ओरडायला लागलं, "सर इकडे आहेत!"