मुहूर्त काढलाय का?

ग्रुपवर हे विचारणारा बॉट मीच लिहिला होता, आणि अस्सल पुणेरी खवचटपणाने लिहिला होता. जो कोणी पुल रिक्वेस्ट उघडायला वेळ लावेल, म्हणजे आपला कोड टीमला तपासायला देणार नाही, त्याला रोज सकाळी अकराला ग्रुपवर विचारणा व्हायची.

बहुतेक वेळा ती चेतनला व्हायची. आम्ही डायलिसिसच्या पेशंटना तारखेची आठवण करून देणारं ॲप करत होतो. ते पुढच्या महिन्यात सुरू होणार होतं. चेतन तीन आठवडे एकाच ब्रांचवर, म्हणजे कोडच्या आपल्या वेगळ्या प्रतीवर, अडून बसला होता. विचारलं की म्हणायचा, "आमोद, एकदा शेजारी येऊन बस ना. दाखवतो."

"ग्रुपवर दाखव की. आम्ही काय परके?" असं म्हणून मी हसायचो.

मग धायरीच्या वळणावर त्याच्या गाडीला टेम्पोने उडवलं. चेतन गेला. कर्वेनगरच्या ऑफिसात आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी अकराला बॉटचा मेसेज आला: "चेतनराव, मुहूर्त काढलाय का?"

तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. बॉट बंद करणं एका मिनिटाचं काम, पण हात धजेना. पावणेअकरालाच मी फोन पालथा घालून ठेवायचो.

शेवटी आमची लीड दीपाली म्हणाली, "शुक्रवारी दुपारी जुन्या ब्रांच डिलीट करतेय. चेतनचीही जाईल. तोवर बघून घे."

गुरुवारी मी ती उघडली. दुरुस्ती केव्हाच पूर्ण होती. चूक माझी होती. माझ्या एका ओळीमुळे एकतीस तारखेच्या पेशंटना आठवण गेलीच नसती. वर चेतनने स्वतःसाठी टीप लिहिली होती: "आधी आमोदला दाखवायचं. मग सगळ्यांना."

माझी ओळ मी गुपचूप बदलली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. तो विचार आला, आणि चांगला तासभर टिकला. मला स्वतःची लाज वाटली.

मग मी चेतनची पुल रिक्वेस्ट उघडली. खाली लिहिलं: "चूक आमोदची. दुरुस्ती चेतनची."

शुक्रवारी अकरा वाजले. सगळ्यांनी सवयीने फोनकडे पाहिलं. बॉटला आता विचारायला काही उरलं नव्हतं. मी उठलो आणि चेतनच्या खुर्चीशेजारी जाऊन बसलो. तिथून माझं टेबल सरळ दिसत होतं. मध्ये सहा पावलंसुद्धा नव्हती.